उजवीकडून दुसरा खांब

अहो, तुमच्या खांबाचं काय करायचं, हे आता लोक मला विचारायला लागले. तुम्ही असताना मी त्याचा विषय काढला की तुम्ही पेपर वर धरायचात. आता पेपर टीपॉयवर घडी न मोडता पडून असतो आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली.

शुभांगी आली होती. तुमच्या हाताखाली शिकलेली, तुम्ही जिला कौतुकानं 'आमची पोरगी' म्हणायचात ती. आता चांगली साहेब झालीय. जुन्या कचेरीच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे आलंय. तुमच्या फोटोसमोर जरा वेळ उभी राहिली, चहा घेतला, आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली की समोरच्या सहाही खांबांचा जुना गिलावा काढून नवा चुन्याचा गिलावा करायचाय. पाच खांबांचं काही विचारायचं नाही, ते जसे आहेत तसेच होतील. प्रश्न सहाव्याचा आहे.

"काकू, सरांचा खांब आहे तसा ठेवता येतो, न्हाईतर बाकीच्यांसारखा करता येतो. दोन्ही जमतंय," ती म्हणाली. "पण सरांना काय वाटलं असतं, ते तुम्हालाच माहीत."

मला माहीत म्हणे. अहो, उभ्या संसारात आपण त्या एका खांबावरून जेवढं भांडलो तेवढं मिठावरून, पैशावरून, पाहुण्यांवरून मिळून भांडलो नसू. आणि तुम्हाला त्याच्याबद्दल खरं काय वाटत होतं, ते काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही कळू दिलं नाहीत. मी तिला म्हटलं, चार दिवस दे पोरी, विचार करून सांगते. ती गेल्यावर बराच वेळ पोर्चमध्ये बसून राहिले. विचारायला जावं असा माणूस एकच, आणि तोच नाही.

म्हणून आता पहिल्यापासून सगळं तुमच्याशीच बोलून घेते. मधे पेपर वर करायची सोय नाही तुम्हाला, तेवढं एक बरं झालं.

कचेरी मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतर. जालन्यात मस्तगडाच्या बाजूनं येताना वळण घेतलं की ती एकदम पुढ्यात येते. रुंद पायऱ्या, सहा उंच गोल खांब, खांबांच्या डोक्यावरून गेलेली लांब पट्टी, पट्टीखाली बारीक दातांची रांग आणि सगळ्यांवर तो मोठा त्रिकोण. निजामाच्या अमदानीत कुणा हौशी साहेबानं विलायतेतल्या इमारतींची चित्रं समोर ठेवून बांधून घेतली म्हणतात. समोरून सगळा विलायती थाट, आणि बाजूनं मागं गेलं की आपल्या काळ्या दगडाच्या भिंती, कोनाडे आणि लिंबाचं झाड. मी म्हटलं होतं, समोर पाहुण्यांसाठी नेसलेली साडी आहे आणि मागं घरातलं लुगडं. तुम्ही हसला होतात. तुम्ही ते वाक्य पुढं तुमच्या साहेबांना स्वतःचं म्हणून ऐकवलंत, तेही मला माहीत आहे.

मला ती इमारत आवडली ती थाटापेक्षा सावलीसाठी. दुपारी खांबांच्या सावल्या व्हरांड्यात अशा तिरक्या पडतात की उन्हाची एक पट्टी आणि सावलीची एक पट्टी होते. गावोगावची माणसं कामाला येतात, सावलीच्या पट्टीत बसतात आणि ऊन सरकेल तशी सरकत राहतात. अर्ज लिहिणारे खांबाला पाठ लावून बसतात. त्या खांबांवर इतक्या पाठी टेकल्यात की बसत्या उंचीला चुना गुळगुळीत झाला होता.

तुमची पहिलीच नेमणूक इथली. आणि तुम्ही रुजू होऊन थोडे दिवस झाले न झाले, तोच पाण्याचा टँकर मागं घेताना ड्रायव्हरनं उजवीकडून दुसरा खांब पाडला. वरची पगडी तुळईला धरून राहिली, खालची बैठक राहिली, मधलं सगळं अंग कोसळलं. नशीब, कुणाला लागलं नाही. साहेबांनी काम तुमच्यावर टाकलं. तुम्ही तुळईला टेकू दिले, तीन वेळचं जेवण एका वेळेला जेवलात, आणि खांब उभा केलात. वरच्या पगडीचं माप घेतलं, तिथून ओळंबा सोडला आणि त्या दोरीला धरून वीट न वीट रचली. साहेबांनी येऊन पट्टी लावली, चारी बाजूंनी ओळंबा लावला, कुठं रेसभर फरक नाही. तुमची पाठ थोपटली. तुम्ही घरी आलात ते पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हौसेनं डबा घेऊन गेले. पायऱ्यांखाली उभी राहिले, वर पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "ओ, ह्याला काय झालं? हा वाळून राह्यलाय."

तुमचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. डबा घेतलात आणि आत गेलात. संध्याकाळी डबा परत आला तो भाजी तशीच ठेवून. नवी नवरी होते, दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मी ती भाजी गरम करून तुम्हालाच परत वाढली.

मी काही उगाच बोलले नव्हते. औरंगाबादला चित्रकलेच्या कोर्सला असताना आमच्या मास्तरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. उंच खांब तंतोतंत सरळ बांधला तर लांबून तो मधे चेपल्यासारखा दिसतो. डोळ्याचा स्वभावच तसा आहे. म्हणून जुने बांधणारे खांब वर जरा निमुळता करत आणि अंगाला मधे हलकंसं पोट देत. मग तो बघणाऱ्याला सरळ वाटतो. कचेरीच्या पाच जुन्या खांबांना असं पोट आहे. तुमच्या खांबाला नव्हतं, शिवाय माप वरचं घेतल्यामुळे तो खालपर्यंत बारीकच राहिला. पाच खात्यापित्या घरच्या भावांत एक उपाशी उभा असावा तसा. हे मी तुम्हाला रात्रीच्या जेवणाआधी पाटीवर खडूनं काढून दाखवलं. मास्तरांचं वाक्यही सांगितलं, की चांगलं पोट तेच, जे कुणाला दिसत नाही.

तुम्ही पाटी बाजूला सारलीत आणि म्हणालात, "डोळा फसून राह्यला म्हणून मी बांधकाम फसवू का?"

तिथून जे सुरू झालं ते काही संपलं नाही. तुमच्या त्या वाक्याला मला कधीच उत्तर सापडलं नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण म्हणून मी काही गप्प बसले नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा पोरांना रेखाटनाला कचेरीसमोर घेऊन जायचे. कुणाला काही सांगायचे नाही, फक्त दिसतं ते काढा म्हणायचे. झाडून सगळ्या पोरांच्या कागदावर उजवीकडून दुसरा खांब बारीक. मी चित्रांची चळत आणून तुमच्या ताटाशेजारी ठेवली. तुम्ही एकेक कागद उलटून बघितलात आणि म्हणालात की पोरांना बाईनं पढवून आणलंय. पुढच्या वर्षी वर्ग बदलला, पोरं बदलली, खांब तसाच बारीक आला. तेव्हा तुम्ही म्हणालात, जालन्यातल्या पोरांच्या जेवणात काहीतरी कमी आहे.

शिवाय त्या बैठकीचं. खांब बारीक झाल्यामुळे खालच्या बैठकीवर बोटभर रुंद कड मोकळी राहिली. अर्ज लिहिणारे त्या कडेवर चुन्याची डबी ठेवायला लागले. बाकी पाच खांबांवर डबी राहत नाही, घरंगळते. मी म्हणायचे, बघा, तुमच्या खांबाचा तेवढा तरी उपयोग आहे. तुम्ही म्हणायचात, बाकीच्या पाचांचा तेवढासुद्धा न्हाई.

मग मामंजी आले. आष्टीहून मुद्दाम, मुलानं केलेलं काम बघायला. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेला माणूस, पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. तुमच्या घराण्यातले तुम्ही पहिले इंजिनिअर, आणि त्या कचेरीच्या पायऱ्यांखालीच त्यांच्या वडिलांना कधीकाळी थांबावं लागायचं, हे ते कधी तोंडानं बोलले नाहीत, पण आपल्याला माहीत होतं. ते सगळ्या पायऱ्या सावकाश चढले. तुमच्या खांबाला हात लावला. डोकं मागं टाकून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सरळ हाय. कुठंच वाकडं न्हाई."

मी मागं उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, की ही आता काही बोलते का. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, हो मामंजी, लई सरळ आहे. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी गजरा आणलात.

पुढं मामंजी गेले. आष्टीचं सगळं आटोपून आपण परतूरला आलो आणि जालन्याच्या गाडीत बसलो. खिडकीशी तुम्ही, शेजारी मी, मांडीवर आपली पोरगी प्रज्ञा झोपलेली. शेतांकडे बघत तुम्ही अचानक बोलायला लागलात. म्हणालात, बाबांनी खांबाला हात लावला तवा वाटलं, आता खरा पास झालो. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "जुन्या खांबाला पोट असलं तर लोक कारागिरी म्हणतेत. माझ्या खांबाला असतं तर म्हणले असते, याला ओळंबा बी धरता येत न्हाई. मला वाकडं बांधायची मुभा न्हवती."

एवढी वर्षं मी डोळ्यानं बघत होते आणि तुम्ही त्या खांबाशेजारी कोण कोण उभं आहे ते बघत होतात. तुमच्या टेबलावरच्या कामाकडे लोक दोनदा बघायचे, आणि तुम्ही ते घरी येऊन सांगायचा नाहीत. मी तुमचा हात धरला. पण त्या दिवशीसुद्धा तुम्ही असं म्हणाला नाहीत, की तुझंही बराबर आहे. मी वाट पाहिली. गाडी जालन्यात शिरली, तुम्ही प्रज्ञाला खांद्यावर घेतलंत आणि उतरलात.

त्यानंतर मी ते भांडण सोडून दिलं. कचेरीवरून जाताना गप्प राहायला लागले. महिना झाला असेल नसेल, आणि एक दिवस तुम्हीच जेवताना म्हणालात, आज खांबाचं काही बोलली न्हाईस, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बोलू का? म्हणालात, बोल की. झालं, पुन्हा सुरू. माझ्या मनावरचं ओझं तुम्ही असं उतरवलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, ते आता घ्या.

प्रज्ञाच्या परीक्षेला हैदराबादला गेलो होतो, आठवतं? ती आत पेपर लिहीत होती आणि आपण दोघं ऊन चुकवत हिंडत होतो. एका मोठ्या जुन्या हवेलीसमोर तुम्ही थांबलात. तसेच खांब, आपल्या कचेरीपेक्षाही उंच. तुम्ही एक डोळा मिटला, खिशातलं पेन हात लांब करून उभं धरलं आणि कितीतरी वेळ मापं घेत राहिलात. मी विचारलं, काय बघून राह्यले? तुम्ही पेन खिशात घातलंत. म्हणालात, काही न्हाई, ऊन लागून राह्यलं, चल जल्दी. मला वाटलं, पोरीच्या पेपरची काळजी लागलीय.

मग निवृत्ती, आणि मग हे घर. पोर्चला दोन गोल खांब घ्यायचे ठरले. खांबांचं काम निघालं तेव्हा तुम्ही मला पुण्याला प्रज्ञाकडे पाठवलंत, इथं धूळ फार आहे, तुला खोकला होतो म्हणून. परत आले तेव्हा खांब उभे होते, पण गफूर मिस्त्री अजून त्यांच्याशीच झटत होता. चहा द्यायला गेले तर म्हणाला, बाई, साहेबांचं काही खरं न्हाई, परत गिलावा खरवडायला लावला. मी त्याची समजूत घातली. म्हटलं, मिस्त्री, त्यांना सरळपणाचं वेड आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. गफूरनं माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि चहा प्याला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमची ती खुर्ची, बशीत ओतलेला चहा आणि तोच प्रश्न.

"काय बाईसाहेब, खांब कसे दिसून राह्यलेत?"

"सरळ. तुमचेच ना ते," मी म्हणायचे.

आणि तुम्ही बशीतल्या चहात हसायचात. मला वाटायचं, काय हा माणूस, म्हातारपणीसुद्धा सरळपणाचा तोरा जात नाही. पण ती संध्याकाळ मला आवडायची. समोरच्या रस्त्यावरून पोरं क्लासला जायची, तुम्ही त्यांच्या सायकलींच्या चेनी बसवून द्यायचात, मी मेथी निवडायचे. आयुष्यात फार काही मिळवलं असं नाही, पण त्या वेळेला कशाची कमी आहे असं कधी वाटलं नाही. तुम्ही गेलात तेसुद्धा त्याच खुर्चीत, सकाळचा चहा झाल्यावर, कुणाला त्रास न देता. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल. मला मात्र कळलं. रिकामी बशी तुमच्या मांडीवरून खाली घेतली तेव्हा ती अजून कोमट होती.

जलदान विधीला सगळे आले. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. जो तो एकच सांगत होता, खरातसाहेब म्हणजे सरळ माणूस, साहेबांचं काम म्हणजे ओळंब्यातलं. मला रडू येत होतं, आणि मधेच हसूही यायला लागलं. पदर तोंडाला लावला. प्रज्ञाला वाटलं, आईला उमाळा आला, ती पाठीवरून हात फिरवत राहिली. तुम्ही असतात तर तुम्हाला बराबर कळलं असतं की बाई कोणत्या खांबाला हसून राहिल्या.

तर शुभांगीला उत्तर द्यायचं होतं. एक मन म्हणायचं, लावू नका हात. मामंजींचा तळवा लागलेला खांब आहे तो, माझ्या नवऱ्यानं दोरीला धरून उभा केलेला. दुसरं मन म्हणायचं, मीच जन्मभर म्हणत आले की तो चुकलाय, आता दुरुस्त करायची वेळ आली तर मागं सरू का? आणि तुम्हाला तो चुकलाय असं वाटत नसेल तर? मग ती दुरुस्ती कसली, तुम्ही नाहीत म्हणून साधलेला डाव झाला. हे असलं जिंकणं मला नको होतं.

शुभांगीला सांगितलेले दिवस सरत आले तरी काही सुचेना. म्हणून दुपारी तुमची कामाची पिशवी आवरायला घेतली. तिच्यात तुमचा पितळी ओळंबा, दोरीचा नुसता गुंता झालेला. गुंता सोडवला आणि दोरीचा पीळ निघावा म्हणून ओळंबा पोर्चच्या खांबाला वर जो हूक आहे, तुम्ही पिशवी अडकवायचात तो, त्याला टांगला. खाली तुमच्या खुर्चीत मेथी निवडत बसले. ओळंबा गरगर फिरला, उलटा फिरला, हळूहळू थांबला. वारा नव्हता.

मी सहज मान वर केली. दोरी वर खांबापासून सुटी होती. खाली परत सुटी, चांगलं बोट जाईल एवढी. आणि मधे ती खांबाला टेकली होती.

मेथी तशीच खाली ठेवली. उठून दोरीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या खांबाकडे गेले, स्टुलावर चढून त्याच्या वरच्या कडेला दोरी धरली. तिथंही तेच. खांबांना पोट होतं. वर निमुळते, मधे हलके भरलेले, कचेरीच्या पाच खांबांसारखे. आणि मी, जन्मभर पोरांना 'दिसतं ते काढा' सांगणारी चित्रकलेची बाई, रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघून म्हणत होते, सरळ.

अहो, किती लबाड माणूस आहात तुम्ही! मी तिथंच पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, ते इतकं की शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून डोकावल्या. त्यांना काय सांगणार? सांगितलं, काही नाही, साहेबांची आठवण आली. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू. रोज माझ्या तोंडून वदवून घेत होतात, रोज बशीत हसत होतात, एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय गावभर मिरवलं असतं का? हो, मिरवलं असतं. तुम्ही मला ओळखून होतात.

मग एकेक लागायला लागलं. हैदराबादचं ते पेन. मला पुण्याला घालवणं. गफूर मिस्त्रीची ती नजर. आणि ती फळी. लांबलचक, एक कड जरा वाकडी, मागच्या खोलीत उभी करून ठेवलेली. मी तिच्यावर कुरडया वाळत घालायला निघाले की तुम्ही काढून घ्यायचात, कामाची आहे म्हणून. मी जाऊन ती आणली आणि वाकडी कड खांबाला लावली. वरून खालपर्यंत चपखल बसली, मधे केसाची फट नाही. एवढं मन लावून खोटेपणा तुम्ही जन्मात दुसरा कुठला केला नसेल.

मामंजी होते तोवर तुम्हाला तो खांब चुकला असं म्हणता येत नव्हतं. ते गेल्यावर कचेरीतल्या लोकांसमोर म्हणता येत नव्हतं. शेवटी स्वतःच्या घराला स्वतःच्या मनासारखे खांब बांधलेत, तिथं पट्टी लावून बघणारं कुणी नव्हतं. तुझं बराबर आहे, एवढं म्हणायला तुम्हाला घर बांधावं लागलं. आणि मी त्या उत्तराला पाठ टेकून इतकी वर्षं भाजी निवडत होते.

संध्याकाळी शुभांगीला फोन केला. सांगितलं, दे त्याला पोट. ती म्हणाली, काकू, सरांच्या विटेला हात लागणार न्हाई. खांब पक्का आहे, पाडायचा न्हाई, बाकीच्यांपेक्षा बारीकच आहे ना, वरून चढवत न्यायचं. आत सरांचा खांब आहे तसा राहील. मला तेवढंच ऐकायचं होतं. मामंजी सरळ म्हणाले ते सरळ राहणार होतं.

मी फळी तिच्याकडे पोचवली. ती धरून गफूरनं कचेरीच्या मापाची मोठी फळी कापली. म्हातारा झालाय आता, पण या कामाला स्वतः आला. गिलावा चढवताना मला म्हणाला, बाई, एकदाच करतो, आता खरवडायला लावणारं कोण राह्यलंय? मी म्हटलं, मी आहे की. त्यानं तोंड फिरवलं आणि थापी चालवत राहिला.

नमुना म्हणून तुमचाच खांब आधी पुरा केला, मग बाकीचे पाच. काल परांच्या काढल्या, सहाही खांबांवर पांढरा हात फिरला होता, आणि शुभांगीनं मला बोलावून घेतलं. मी वर गेले नाही. पलीकडे रस्त्यावर, जिथं मी पोरांना रेखाटनाला बसवायचे, तिथं उभी राहिले. कचेरी पाहिली. रुंद पायऱ्या, वर त्रिकोण, दातांची रांग, आणि सहा खांब. मला तुमचा खांब ओळखू येईना. आजवर डोळे मिटून दाखवला असता. काल मला उजवीकडून मोजावं लागलं.

एक अर्ज लिहिणारे बाबा तुमच्या खांबाला पाठ लावून बसले होते. न बघता सवयीनं हात मागं नेला आणि चुन्याची डबी बैठकीवर ठेवली. डबी घरंगळत पायरीवर गेली. त्यांनी ती उचलून परत ठेवली, परत घरंगळली. वैतागून वर खांबाकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि डबी खिशात टाकली. तेवढी एक सोय गेली बघा तुमची. मला जरा वाईट वाटलं.

घरी आले. चहा केला, एकाच कपाचा करायला अजून जमत नाही, जास्तीचा होतो. पोर्चमध्ये बसले. समोरून पोरं क्लासला चालली होती. ओळंबा अजून हुकालाच आहे, मी काढलेला नाही. दोरी मधे टेकलीय, वरखाली सुटी आहे.

तुमच्या विचारायच्या वेळेला मी दोन्ही खांबांकडे नीट बघितलं, एक डोळा मिटून, हातात पेन उभं धरून. ऐकताय ना? सरळ दिसून राह्यलेत, ओ.